फुली, पीळ आणि ठिपक्यांचा कागद

लेस हा शब्द आतां आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, तो परका आहे याची आठवणहि कोणास होत नाहीं. परकराची झालर, झबल्याचा गळा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यापुढचा पडदा; कोठें ना कोठें ती असतेच. बाजारांत ती मीटरवर मिळते, आणि मीटरवर मिळणाऱ्या वस्तूविषयीं आपण फारसा विचार करीत नाहीं. आज मला जिच्याविषयीं सांगावयाचें आहे ती लेस हातांनीं, कांड्यांवर विणतात. आणि गेल्या कांहीं वर्षांत तिचे नमुने संगणकावर आंखले जाऊं लागले आहेत. हा विषय यवतमाळ जिल्ह्यांतील मुकुटबनसारख्या गांवाशीं कसा येऊन पोंचतो, तें पुढें ओघानें येईलच.

प्रथम एक भेद लक्षांत घ्यावा. क्रोशाचें काम आपल्याकडील पुष्कळ घरांतून ठाऊक आहे. एकच दोरा, एकच आंकडीदार सुई, आणि फांसांतून फांस ओढीत जावयाचें, हा क्रोशा. यूरोपांतील दुसरा एक प्रकार साध्या सुईचा. त्यांत टांक्यावर टांका घालून जाळी भरीत जातात. कांड्यांवरची लेस या दोहोंहून निराळी. तिच्यांत सुई वा आंकडी लागलीच तर जोडकामापुरती लागते. तिचें जवळचें नातें आपल्याकडे कशाशीं असेल तर तें वेणीशीं. तिपेडी वेणी घालणारी आई काय करते? एका बाजूचा पेड मधल्यावरून नेते, मग दुसऱ्या बाजूचा नेते, आणि असें करीत शेवटापर्यंत जाते. हेंच काम तीन पेडांऐवजीं चाळीस-पन्नास धाग्यांनीं करावयाचें, आणि वेणी लांबीबरोबर रुंदीनेंहि वाढवावयाची, एवढी कल्पना केली म्हणजे कांड्यांवरची लेस बरीचशी समजली.

तिची सामग्री अशी. एक घट्ट भरलेली उशी. तिच्यावर जाड कागद. त्या कागदावर नमुन्याप्रमाणें टोचलेलीं बारीक भोंकें. रांगोळीसाठीं भोंकें पाडलेला ठिपक्यांचा कागद आपल्या बाजारांत मिळतो, तसाच हा. प्रत्येक धाग्याचें टोंक एका लांकडी कांडीवर गुंडाळलेलें असतें. कांडीच्या वजनानें धागा ताणलेला राहतो, आणि धाग्यास बोट न लावतां तो इकडून तिकडे नेतां येतो. कांड्या जोडीजोडीनें चालतात. एका वेळीं दोन जोड्या, म्हणजे चार कांड्या, हातांत घ्यावयाच्या. मधल्या दोहोंपैकीं डावी उजवीवरून नेली कीं झाली फुली. मग प्रत्येक जोडींतील उजवी कांडी डावीवरून नेली कीं झाला पीळ. फुली, पीळ, फुली असें केलें तर कापडासारखी भरीव वीण पडते. नुसती फुली व पीळ केला तर ती विरळ होते. फुली, पीळ, फुली, पीळ केलें तर जाळीचा डोळा स्पष्ट उमटतो. कागदावरील भोंकांत टांचणी खोंवली म्हणजे विणलेला भाग जागचा हलत नाहीं; आणि काम संपल्यावर टांचण्या काढून घेतल्या तरी जाळी आपल्याच आधारानें टिकते. बेल्जममधील मेखलेन, फ्रान्समधील शांतिली, इंग्लंडांतील हॉनिटन या गांवांच्या नांवानें ज्या लेस जगभर गाजल्या, त्या सर्वांच्या मुळाशीं याच दोन हालचाली आहेत.

आपल्या गोमंतकांत शिगम्याच्या दिवसांत गोफ नांवाचा नाच होतो. वर एका ठिकाणीं बांधलेल्या रंगीत दोऱ्या खालीं सोडलेल्या असतात. प्रत्येक नाचणारा आपली दोरी हातीं धरतो आणि ठरलेल्या क्रमानें दुसऱ्याच्या आंतून, बाहेरून फिरत जातो. पाहतां पाहतां वर सुंदर वेणी तयार होते. मग तोच क्रम उलटा धरून नाचणारे परत फिरतात, आणि वेणी उलगडून दोऱ्या पुन्हां मोकळ्या होतात. नाचणाऱ्यांच्या जागीं कांड्या कल्पाव्या, म्हणजे तीच लेस. गोफाचा नाच आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट दाखवितो. वेणींतील प्रत्येक वळण हें एका पावलाचें फळ असतें, आणि पावलांचा क्रम नेमका सांगतां आला तर वेणी पुन्हां घालतां येते किंवा सोडवितां येते. जें असें क्रमानें सांगतां येतें, तें लिहूनहि ठेवतां येतें. आणि जें लिहून ठेवतां येतें, त्याला मालक भेटतो. लेसच्या इतिहासांतील सुखदुःखाचें मूळ मला येथें दिसतें.

ही कला सोळाव्या शतकांत इटली व फ्लँडर्स या प्रदेशांत वाढीस लागली. १५५७ सालीं व्हेनिस येथें ‘ले पाँपे’ नांवाचें नमुन्यांचें पुस्तक छापलें गेलें. चारच वर्षांनीं, १५६१ सालीं, झूरिच येथें दुसरें निघालें. तें लिहिणारी बाई स्वतः हें काम शिकविणारी होती. व्हेनिसकडील व्यापाऱ्यांबरोबर ही कला १५३६ सालीं आपल्या देशांत आली, असें ती प्रस्तावनेंत सांगते. साल ती नेमकें देते. परंतु स्वतःच्या नांवाचीं मात्र तिनें दोनच आद्याक्षरें ठेविलीं आहेत. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या विवाहाची लेस इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत, बीअर या समुद्रकांठच्या खेड्यांत व आसपास, विणली गेली. दोनशेंहून अधिक माणसें, बहुतेक बायकाच, त्या कामावर कित्येक महिने होतीं. नमुना काढणारे चित्रकार विल्यम डाइस यांचें नांव ग्रंथांतून सांपडतें. त्या नमुन्याची कोणीं नक्कल करूं नये म्हणून तो मागाहून नष्ट करण्यांत आला, असें सांगतात. ज्या बायकांच्या बोटांनीं तो साकार केला, त्यांना तो दुसऱ्यांदा विणून चार पैसे मिळविण्याची वाट त्याबरोबरच बंद झाली. लेसच्या धंद्यांत धागा विकत मिळतो, हात मिळतात. खरा मोलाचा असतो तो टोचलेला कागद. तो ज्याच्याजवळ, धंदा त्याच्याजवळ.

ही कला भारतांत आली तीहि याच रीतीनें. दक्षिणेंत नागरकोइल येथें मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनीं १८२० च्या सुमारास मुलींना लेस शिकविण्यास आरंभ केला. पुढें त्यांची कन्या एलायझा ही विद्वान् रॉबर्ट कॉल्डवेल यांची पत्नी झाली, आणि तिनें तिरुनेलवेलीकडील इडैयनगुडी या गांवीं तें काम नेलें. त्या काळीं ज्या मुलींना दुसरा कसलाहि मोबदल्याचा उद्योग मोकळा नव्हता, त्यांना या कामानें स्वतःची मिळकत दिली, हें उपकाराचें खरेंच. परंतु नमुना बाहेरून येई आणि माल बाहेर जाई. आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर येथें क्रोशाच्या लेसचा मोठा व्यापार उभा राहिला. त्याचा अभ्यास करून जर्मन विदुषी मारिया मीस यांनीं १९८२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हजारों स्त्रिया दिवसाचे कित्येक तास परदेशच्या बाजारासाठीं विणीत असतांनाहि त्यांना कामगार असें कोणी म्हणत नव्हतें. घरीं बसणाऱ्या बायका फावल्या वेळांत कांहींतरी करतात, असें समजून मजुरी ठरत असे. श्रोतेहो, ‘फावला वेळ’ हा शब्द ऐकावयास गोड, पण मजुरी ठरविण्याच्या वेळीं फार महाग पडणारा आहे!

मध्यंतरीं यंत्रें आलीं होतीं. इंग्लंडांत जॉन हीथकोट यांनीं १८०८-०९ सालीं कांड्यांच्या जाळीची नक्कल करणाऱ्या यंत्राचे हक्क मिळविले. १८१६ सालीं लाफबरो येथील त्यांच्या कारखान्यांतील पन्नासांहून अधिक यंत्रें चवताळलेल्या कारागिरांनीं रात्रींतून फोडून टाकिलीं. फ्रान्समध्यें जाकार यांनीं १८०४ सालीं मागाला भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. ज्या ठिकाणीं भोंक तेथें ताण्याचा धागा उचलला जावयाचा. नाहींतर तो खालीं राहावयाचा. हें यंत्र आपल्यास अपरिचित नाहीं. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर मोर किंवा वेल जुन्या रीतीनें विणतांना प्रत्येक रंगासाठीं निराळी कांडी चालते आणि विणकर एका रंगाचा धागा दुसऱ्याच्या धाग्यांत अडकवीत पुढें सरकतो. त्याच गांवांत आज जाकारचे मागहि चालतात. पुठ्ठ्यांच्या या युक्तीवरून इंग्लंडांतील चार्ल्स बॅबेज यांना आपल्या गणकयंत्रास हुकूम देण्याची रीत सुचली, आणि १८४३ सालीं एडा लव्हलेस या बाईंनीं त्या यंत्रावर टिपणें लिहितांना त्याच्या कामाची तुलना जाकारच्या मागाशींच केली. संगणक आज लेसच्या उशीजवळ येऊन बसला आहे, तो एका अर्थीं आपल्या आजोळीं आला आहे.

तो तेथें काय काम करतो, तें आतां पाहूं. लेसच्या पार्श्वभूमीची जाळी ही फरशीसारखी असते. एक तुकडा पुन्हां पुन्हां जोडून ती पसरते. प्रत्येक टांक्यांत वरून दोन जोड्या येतात आणि खालीं दोनच जोड्या जातात. कोणती हरवत नाहीं, कोणती नवी जन्मत नाहीं. म्हणून टांका म्हणजे एक ठिपका, आणि जोडी म्हणजे एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ, असें चित्र काढतां येतें. तुकडा चारी बाजूंनीं शेजाऱ्याशीं जुळावा यासाठीं तो कागद गुंडाळून नळी करावी आणि नळीचीं दोन्ही टोंकें जोडून बांगडी करावी. त्या बांगडीवर रेघा अखंड फिरल्या तर ती जाळी हवी तेवढी विणतां येईल. कॅनडांतील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या वेरोनिका अर्विन व फ्रँक रस्की यांनीं २०१४ सालीं कांड्यांच्या लेसचें असें गणित मांडलें. नियम एकदां ठरल्यावर त्यांत बसणाऱ्या सर्व जाळ्या क्रमानें शोधून काढण्याचें काम संगणकास लाविलें गेलें, आणि जुन्या पुस्तकांत न सांपडणाऱ्या अनेक जाळ्या हातीं आल्या. चारशें वर्षें विणली गेलेली कला अजून संपलेली नाहीं, हें यांतून स्पष्ट झालें.

या संशोधनाच्या आधारें ‘ग्राउंडफोर्ज’ नांवाचें सॉफ्टवेअर तयार झालें आहे. तें विनामूल्य आहे. जाळीचा सांगाडा निवडून प्रत्येक ठिपक्यावर कोणता टांका हवा तें लिहावयाचें. त्यासाठीं फुलीचें एक अक्षर आणि पिळाचें एक अक्षर एवढी लिपि पुरते. तेवढ्यावर संगणक जोड्यांची आकृति काढतो आणि मग प्रत्येक धागा कोठून कोठें जातो तेंहि दाखवितो. एखाद्या ठिपक्यावर एक पीळ वाढविला तर जाळीचा डोळा कसा बदलेल, हें सूत हातीं घेण्यापूर्वींच पाहतां येतें. पूर्वीं हें कळण्यासाठीं चार-दोन दिवस विणून, न जमल्यास सोडवून, पुन्हां विणावें लागे. इतरहि कांहीं आज्ञावली आहेत, ज्यांत टोचण्याचा कागदच नेमक्या मापानें आंखून छापतां येतो.

संगणकास काय साधत नाहीं, तेंहि सांगितलें पाहिजे. धागा किती ओढावा आणि कोठें सैल सोडावा, हें बोटांनाच कळतें. पानाच्या कडेवर धागे दाटले म्हणजे त्यांतील कोणता कोठें संपवावा, हें अनुभवी स्त्रीची नजर ठरविते. गणितानें बरोबर ठरलेली प्रत्येक जाळी डोळ्यांस सुंदर दिसेलच असेंहि नाहीं. आणि टांका टाकण्याचें काम तर अजून दोन हातांचेंच आहे. यंत्राची लेस बाजारांत आहे, स्वस्त आहे, आणि तिच्याशीं किमतींत झगडणें हा वेडेपणा होईल.

आतां मुकुटबनकडे येऊं. वणीच्या दक्षिणेस, झरी-जामणी तालुक्यांत, तेलंगणच्या सीमेनजीकचें हें गांव. भोंवतालीं कपाशीचीं शेतें. जमिनीखालीं चुनखडी आणि कोळसा. २०२२ सालीं येथें सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं भाव आला. आणि तेव्हांपासून या मुलखाचा कापूस गांठी बांधून बाहेर जातो, व दोरा, कापड, झालर अशा रूपांनीं महाग होऊन घरीं परत येतो. मुकुटबन हें लेसचें गांव नव्हे; तें कापसाचें गांव आहे. परंतु म्हणूनच हा प्रश्न तेथें विचारण्याजोगा आहे.

यास यूरोपांत एक दाखला आहे. स्लोव्हेनियांत इद्रिया नांवाचें लहानसें शहर आहे. तेथें पाऱ्याची खाण शतकानुशतकें चालली. पुरुष खाणींत उतरत आणि त्यांच्या बायका सतराव्या शतकापासून कांड्यांवर लेस विणीत. १८७६ सालीं तेथें लेसची शाळा निघाली. त्या शाळेंत हात शिकविले जात, तसेंच नमुने काढणेंहि होई. म्हणून इद्रियाची लेस इद्रियाची म्हणून ओळखली गेली. पुढें खाण बंद पडली. शाळा आजहि चालू आहे. २०१८ सालीं युनेस्कोनें स्लोव्हेनियाच्या या कलेची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. जमिनीखालचें धन एके दिवशीं संपतें. बोटांतलें, शिकविलें गेलें तर, संपत नाहीं.

मुकुटबनास किंवा वणीस असा एखादा वर्ग काढावयाचा तर खर्च किती? बांबूच्या कांड्या गांवांत घडवितां येतील. उशी काडाची किंवा सरकी काढलेल्या कापसाची. टांचण्या व जाड कागद कोणत्याहि दुकानांत मिळतील. ‘टॉर्शन’ नांवाची साधी, भूमितीच्या आकृतींची लेस जाड्या सुती दोऱ्यावर चांगली वठते, आणि शिकणाऱ्यांना प्रथम तीच देतात. वीज लागत नाहीं, माग लागत नाहीं. नमुना मात्र पूर्वीं कोणाकडून तरी विकत किंवा उसना आणावा लागे. आज शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या एका संगणकावर तो स्वतः काढतां येईल. ज्या मुलीस ठिपक्यांची रांगोळी येते, तिला ठिपका आणि रेघ यांचें हें गणित शिकविण्यास फार दिवस लागूं नयेत. आणि मग त्या जाळींत परदेशचें गुलाबाचेंच फूल कां असावें? पळसाचें पान आहे, कपाशीचें फुटलेलें बोंड आहे, तुळशीवृंदावन आहे.

दुसरा लाभ मजुरीचा, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. आठ जोड्यांची एक साधी पट्टी घ्या. एका ओळींत चार टांके, पुढच्या ओळींत तीन. अशा वीस ओळींत सत्तर टांके होतात. प्रत्येक टांका फुली, पीळ, फुली, पीळ असा असेल तर दोनशें ऐंशी हालचाली झाल्या, आणि सत्तर टांचण्या खोंवाव्या लागल्या. कडेचें काम निराळेंच. नमुना संगणकावर असेल तर ही मोजणी निमिषांत होते. एका तासांत माणसाच्या हातून किती टांके पडतात तें एकदां पाहिलें कीं त्या पट्टीस किती तास लागले हें सांगतां येतें, आणि तासांवरून मोल ठरवितां येतें. नरसापूरच्या स्त्रियांचें काम ज्या ‘फावल्या वेळां’त नाहींसें झालें, तो वेळ अशा रीतीनें आंकड्यांत उभा करतां येईल. व्यापाऱ्यानें दर कमी सांगितला तर विणणारीनें कागद पुढें करावा आणि म्हणावें, “इतके टांके आहेत, आपण मोजून पाहा.”

म्हणून असा उद्योग काढणाऱ्या मंडळींना माझ्या दोनच सूचना आहेत. ज्या हातांना विणणें शिकवाल त्यांना आंखणेंहि शिकवा. नमुना शहरांत आणि मजुरी खेड्यांत, अशी जुनी वांटणी पुन्हां करूं नका. आणि प्रत्येक टोचलेल्या कागदाच्या कोंपऱ्यांत, ज्या बाईनें तो आंखला तिचें नांव पुरें लिहा. झूरिचच्या त्या शिक्षिकेचीं दोन अक्षरें वाचून ती कोण, हें आजहि कोणास सांगतां येत नाहीं. आपल्याकडे पुढें कोणी हे कागद उघडील, तेव्हां त्याला तरी तसें कोडें पडूं नये.